ह्याला हात लावू नये

तिघऱ्याचं पाणी मे महिन्यात इतकं मागे सरतं
की नाव चिखलावर कलंडून पडते.
तेव्हाच तिच्या पोटात शिरता येतं.
विकताना फणसेकाका एवढंच म्हणाले होते,
लाकूड ठणठणीत आहे, तारांचं मात्र बघून घ्या.
आणि पुढच्या पौषात गेले.

हजिऱ्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान.
पंपाच्या, कुलरच्या, पिठाच्या चक्कीच्या मोटारी
उसवण्यात आणि पुन्हा गुंडाळण्यात पंचवीस वर्षं गेली.
शिडाच्या नावेबद्दल मला इतकंच ठाऊक
की ती वाऱ्यावर चालते
आणि वाऱ्याचं बिल येत नाही.

आधी डोलकाठी उतरवली.
सहा माणसं, दोन बांबू, रामसेवक कुशवाहाच्या शिव्या.
तिला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा
लांबून चकचकीत.
चिंधीनं पुसत गेले, तर चिंधी अडकली:
एकोणीस पेडांतले चार तुटलेले, तेही आत, गाठीच्या तोंडाशी.
म्हणजे इतकी वर्षं ही काठी
निव्वळ सवयीनं उभी होती.

नव्या तारांचं वेटोळं आलं तेव्हा
कुरियरवाला म्हणाला, लिफ्ट बसवताय का मॅडम?

मग आतलं वायरिंग.
वीज माझ्या ओळखीची, पण इथली वीज गरीब,
बारा व्होल्टची, एका बॅटरीच्या पगारावर जगणारी.
झटका देत नाही. नुसती हिरवी पडत जाते.
कल्हई उडालेल्या पातेल्यात कढी कळकावी
तसं सगळं तांबं कळकलेलं.
म्हणून या वेळी कल्हई केलेलीच तार आणली,
पदर पदर चंदेरी. महाग पडली.

प्रत्येक जुन्या तारेला कापडाची चिठ्ठी शिवलेली,
वर बॉलपेननं, मास्तरी वळणाचं अक्षर.
डावा लाल. उजवा हिरवा.
पाणी उपसणे.
पंखा, बंद आहे.
रेडिओ, फक्त बातम्यांपुरता.
आणि एका पिवळीला:
ह्याला हात लावू नये.

दोन दिवस मी त्या पिवळीच्या मागे होते.
फळीखालून, टाकीमागून,
पुढच्या निमुळत्या खणापर्यंत,
जिथं माणूस मावत नाही,
मूल मावतं.
तिथं एक होल्डर. बल्ब नाही.
शेजारच्या फळीवर पेन्सिलीच्या चार खुणा,
निजलेल्या कुणाची तरी लांबी मोजल्यासारख्या,
प्रत्येकीखाली एक वर्ष.
चौथीनंतर फळी बरीच उरली होती.

काकांना मूलबाळ नव्हतं.
निदान हजिऱ्यात तसंच म्हणत.

"काट दें, दीदी?" रामसेवकनं पक्कड पुढे केली.

फ्यूजच्या नव्या पेटीत सात घरं होती, लागली सहा.
सातव्यात मी पिवळी बसवली,
तशीच, कळकलेली, सगळ्यात हलका फ्यूज घालून.
दुसऱ्या कुणी असं केलं असतं
तर दुकानात सगळ्यांदेखत हजेरी घेतली असती.

चिठ्ठी मात्र बोटांत आली तशी भुगा झाली.
नवीन लिहिली. माझं अक्षर गिचमिड आहे,
पण वाचता येतं.

परवा डोलकाठी पुन्हा उभी केली.
ग्वाल्हेरात तार ताणली की कुणीतरी तंबोरा काढतोच;
बँकेतले पाटणकर आले, तारेला कान लावून म्हणाले,
षड्ज जरा उतरलाय.
मी ताण मोजायच्या काट्यावर बोट ठेवलं.
डावीकडे जितका, तितकाच उजवीकडे.
सूर नाही लागला तरी चालेल.

अंधार पडल्यावर बटण दाबलं.
भेगाळलेल्या चिखलावर एका बाजूला लाल,
एका बाजूला हिरवा उजेड.
पाण्याकडून परतणाऱ्या म्हशी थबकल्या,
काय करावं ते न कळून
हिरव्या बाजूनं गेल्या.
पाटणकर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं.
रामसेवकनं विचारलं, पानी कब आएगा?
मी म्हटलं, आधी तळाची गळती बघू.